सपनाच्या नावाचा रस्ता

आमदार रूपेश सांबर कोहळपाड्यावर चालत आला तेव्हा लाडकी अंगणात नाचणी पाखडत होती. गाडी, कार्यकर्ते, पोलीस असा सगळा लवाजमा त्याने मासवणच्या पुढे, डांबर संपतं तिथं ठेवला होता. तासाभराची चढण एकट्याने चढून, ओहोळात पँट भिजवून तो ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "मावशी, पाणी दे आधी."

लाडकीने सूप खाली ठेवलं. आमदार होऊन चार वर्षं झाली तरी हा पोरगा आपल्याला मावशी म्हणतो, याचं तिला अजून अप्रूप होतं. लग्नाआधी ती आणि रूपेशची आई नवसी बोईसरला एकाच खोलीत राहायच्या. दोघी तारापूरच्या एका कंपनीत औषधाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. नवसीचा नवरा दारूपायी गेलेला. तिची रात्रपाळी असली की पाच वर्षांचा रूपेश लाडकीच्या कुशीत झोपायचा, आणि ती लग्न होऊन पाड्यावर निघाली तेव्हा हाच पोरगा रिक्षामागे स्टेशनपर्यंत धावला होता. पुढे तो आश्रमशाळेत शिकला, वकील झाला, जिल्हा परिषदेत निवडून आला, मग आमदार. त्याच्या पहिल्या निवडणुकीत कोहळपाड्यातलं एकूण एक मत त्याला पडलं होतं. ते लाडकीने घरोघर फिरून मिळवलेलं होतं.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने विषय काढला. मार्चमध्ये अधिवेशन होतं. पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या रस्त्यांसाठी सरकारने मोठं कर्ज काढावं, असा प्रस्ताव यायचा होता आणि त्याच्या बाजूने तो बोलणार होता.

"समोरचे बोलणार, राज्यावर आधीच डोंगराएवढं कर्ज हाय. आपलेपण निम्मे कुरकुरतात. मी आकडे मांडीन, पण आकड्यांनी तिथं कोण हलत नाय. मला सपनाचं सांगू दे."

 सपना लाडकीची एकुलती एक मुलगी. बोईसरला दिलेली, जावई कापडाच्या कंपनीत. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि दोन वर्षांपूर्वी, आषाढात, ओहोळ दुथडी भरून वाहत असताना तिच्या कळा सुरू झाल्या. चौघांनी झोळी करून तिला खांद्यावर घेतलं. खाली सडकेवर गाडी येऊन उभी होती. पण ओहोळाचं पाणी उतरेपर्यंत झोळी खिंडीतच थांबली, आणि सडक दिसायला लागली तोवर सपना गेली होती. पोटातलं पोरही.

"हे तर सगळ्यांना माहीत हाय," लाडकी म्हणाली. "सांग की."

"तुझ्या तोंडून ऐकायचं हाय. सगळं."

ती सांगत गेली. नवरा, सुका, रानात गेला होता. घरात दोघांशिवाय कुणी नव्हतं आणि समोर बसलेल्या माणसाला तिने कधी काळी अंगाई म्हटली होती. म्हणून की काय कोण जाणे, पण दोन वर्षं जे तिने सुकालाही सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघालं. सपनाला इथं राहायचं नव्हतं. दिवस भरत आले तशी ती म्हणाली होती, 'आये, मी बोईसरला परत जाते, तिथं दवाखाना जवळ हाय.' आणि लाडकी म्हणाली होती, 'चार दिवस थांब, लावणी उरकू दे. तू घर बघशील, भाकर थापशील, तर आमी दोघं शेतात पुरे पडू.' सपना थांबली. तिसऱ्या दिवशी कळा आल्या.

"सुकाला वाटतं, तिलाच माहेरी राहायची हौस होती," लाडकी म्हणाली. "त्याला नको सांगू."

रूपेशचे डोळे भरून आले होते. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मावशी, हे आपल्या दोघांतच राहील."

मार्चमध्ये भाषण झालं. दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमाराला कार्यकर्त्यांनी मोठ्या पडद्याची गाडी मासवणच्या बाजारात आणून उभी केली आणि आसपासच्या पाड्यांना निरोप धाडले. लाडकी नि सुकाला पुढच्या खुर्च्या दिल्या. पडद्यावर रूपेश पांढऱ्या सदऱ्यात उभा होता आणि फार सुंदर बोलत होता.

"अध्यक्ष महोदय, कर्ज वाईट नसतं. ते कशासाठी काढलं हे बघावं लागतं. सण साजरा करायला काढलं तर वाईट. पण रस्ता पंचवीस वर्षं वापरात राहतो. जे पंचवीस वर्षं त्यावरून चालणार, त्यांनी तो पंचवीस वर्षांत थोडा थोडा फेडला, तर अन्याय कुणावर होतो? दरवर्षी उरेल त्या पैशातून करू म्हणालात, तर माझ्या मतदारसंघातल्या शेवटच्या पाड्याला सडक मिळायला चाळीस वर्षं लागतील. मी हिशेब केला आहे. आणि या चाळीस वर्षांत कर्ज वाढत नाही असं समजू नका. ते वाढतंच आहे. त्याचं व्याज आमच्या बाया भरतायत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुकानेही वाजवल्या. त्याला सगळं कळलं नव्हतं, पण आपल्या माणसाचा आवाज एवढ्या मोठ्या घरात घुमतोय याने त्याची छाती फुगली होती.

मग रूपेशने सपनाचं नाव घेतलं. झोळी, ओहोळ, खिंड. बाजारात शांतता पसरली. तो क्षणभर थांबला, चष्मा काढला.

"अध्यक्ष महोदय, त्या मुलीला आधीच बोईसरला जायचं होतं. तिच्या आईनेच तिला थांबवलं, लावणीसाठी. ती आई वाईट नाही. मी तिच्या हातचं जेवून वाढलोय. पण मुलगी की भात, असा सवाल आपण तिच्यापुढे टाकला. रस्ता असता तर तिला मुलीला थांबवूनही वाचवता आलं असतं."

सभागृहातली बाकं वाजली. विरोधी बाजूचीही. बाजारातलं मात्र कुणी हललं नाही. बायांनी लाडकीकडे पाहिलं आणि नजर वळवली. सुका पडद्याकडेच बघत राहिला. त्याचे हात मांडीवर उलटे पडले होते, तसेच राहिले.

परतीच्या वाटेवर ओहोळाशी आल्यावर तो म्हणाला, "बोललेली का ती तसं?"

"बोललेली."

"मला नाय सांगितलंस."

 सुका पाण्यात उतरला, पलीकडे गेला आणि दर वेळी तिला हात द्यायला थांबायचा तसा थांबला नाही. आठ दिवसांनी तो वीटभट्टीवर निघून गेला. इतकी वर्षं दोघं मिळून जायचे. या वेळी त्याने आपलंच गाठोडं बांधलं.

तो गेल्यावर लाडकी टेकडीवर चढली. पाड्यात फोन लागायचा तो तिथंच. तिने रूपेशला फोन लावला.

"तू बोलला होतास, आपल्या दोघांतच राहील."

"मावशी, ऐक आधी," तो घाईने म्हणाला. "कर्जाचा प्रस्ताव मंजूर झाला. काल यादीपण ठरली. कोहळपाडा पहिल्या दहात हाय, तुझ्या अंगणापर्यंत. रस्त्याला नावपण सपनाचंच देणार. त्या एका वाक्याने झालं ते. नाहीतर पडत होता प्रस्ताव, तुझी शपथ."

 खाली पाडा दिसत होता, चौदा घरं. त्यातल्या तिघींचे दिवस भरत होते.

"सुका घर सोडून गेला रे," ती म्हणाली.

"रस्ता झाला की येईल मावशी. बघ तू."

आणि लाडकीने मनाशी ठरवलं की जाऊ दे. जे गेलं ते गेलं. आपली लाज चव्हाट्यावर आली, पण तिच्या बदल्यात रस्ता येतोय. पाड्यातल्या दुसऱ्या कुणाची पोर तरी खिंडीत राहणार नाही. ज्या बायांनी बाजारात नजर वळवली होती त्यांना तिने स्वतःहून सांगितलं, "होय, मीच थांबवलं तिला. पण सडक येते आपल्या दारात."  सुका जूनमध्ये शेतीला परतला. दोघं एका घरात राहू लागले, एका शेतात राबू लागले. जेवताना मात्र तो तिच्याकडे पाठ करून बसायचा.

भात कापणीला आलं तेव्हा मोजणी करणारी माणसं आली. त्यांच्याबरोबर चारुता राऊत नावाची तरुण इंजिनीयर होती, माकुणसार गावची, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. लाडकी कौतुकाने त्यांच्यासाठी काकड्या घेऊन खाली गेली. पाहते तर लाल फडकी बांधलेल्या खुंट्या सडकेपासून ओहोळापर्यंत आल्या होत्या, आणि ओहोळाच्या अलीकडेच डावीकडे वळून पत्र्याचं उंच कुंपण घातलेल्या मोठ्या जागेकडे गेल्या होत्या. तिथं गोदामं होणार असं लोक बोलायचे.

"बाय, पाडा तर वर हाय," लाडकी म्हणाली. "तुमी चुकलात."

चारुताने हातातला नकाशा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही कोहळपाड्याच्या का?"

"मी सपनाची आय."

चारुताचा चेहरा उतरला. ती तिला करंजाच्या सावलीत घेऊन गेली. "पहिल्या आखणीत रस्ता तुमच्या पाड्यापर्यंतच होता. मीच केली होती ती, ओहोळावर छोट्या पुलासारखी मोरीही धरली होती. जूनमध्ये बदलली."

"कुणी?"

"ते मी सांगायचं नाही मावशी."

"माझ्या पोरीवर सगळं उभं केलंत, आनं मला सांगायचं नाय?"

चारुता थोडी घुटमळली. मग पिशवीतून एक कागद काढून तिने तिच्यापुढे धरला. लाडकी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर लावून वाचायची. *सदर पाड्यावर वाहनांची संख्या नगण्य असल्याने, तसेच कर्जाच्या परतफेडीचा विचार करता, रस्ता नियोजित गोदाम प्रकल्पाकडे वळवण्यात यावा.* खाली 'आपला विश्वासू' आणि त्याखाली सही. ती सही तिला वाचावी लागली नाही. सपनाच्या जातीच्या दाखल्यासाठी रूपेशने पत्र दिलं होतं, तेव्हा तिने ती पाहिली होती. मोठा 'रू' आणि मागे लांब शेपूट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोईसरला गेली. रूपेशच्या कार्यालयाबाहेर रांग होती. कुणाला कंपनीचा पगार मिळाला नव्हता, कुणी हिंदीत कुणाच्या तरी नावे शिफारशीची चिठ्ठी मागत होतं. आतून रूपेशने तिला पाहिलं आणि तो स्वतः बाहेर येऊन तिला घेऊन गेला. चहा मागवला.

"पत्र तुझं हाय?" तिने खुर्चीवर न बसताच विचारलं.

त्याने नाकारलं नाही. एवढं मात्र त्याच्या बाजूने म्हणायला हवं. "मावशी, कर्ज मंजूर झालं, पण कर्ज देणारे काय विचारतात ठाऊक हाय? या रस्त्यावरून रोज किती गाड्या जाणार? कोहळपाड्यात एक मोटारसायकल नाय."

"रस्ता नाय तर गाडी कुठून येईल?"

"मला कळतं. त्यांना नाय कळत. गोदामांकडं नेला तर दिवसाला दोनशे ट्रक दाखवता येतात. पाड्यातल्या पोरांना तिथं कामं लागतील. पुढच्या टप्प्यात पहिला नंबर तुमचा."

"ती गोदामाची जागा कुणाची?"

रूपेशने चहाचा कप सरकवला. "माझ्या मेव्हण्याची भागी हाय त्यात. पण त्याचा याच्याशी संबंध नाय."

लाडकी त्याच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर कुठं तरी तो रिक्षामागे धावणारा पोरगा सापडेल म्हणून ती बघत होती की काय, तिलाच कळत नव्हतं.

"एक गोष्ट मात्र मी होऊ दिली नाय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच अभिमान होता. "रस्त्याचं नाव बदला म्हणून मागं लागले होते. मी हटून बसलो. सपनाचंच नाव राहणार."

"कशाला? तिच्या घरी तर तो जात नाय."

"लोकांना तेच नाव माहीत हाय ना मावशी. त्या नावावर तर पैसे आले."

ती चहा न घेता उठली.

दोन दिवसांनी भूमिपूजन झालं. मंडप घातला होता, सनई लावली होती. लाडकीला घ्यायला माणसं ओहोळापर्यंत आली होती. ती गेली. सुकाही तिच्या मागोमाग निघाला. काही न बोलता, पण निघाला. व्यासपीठावर रूपेशने तिला साडी दिली आणि निवेदकाने माइक तिच्या हातात ठेवला. नारळ फोडण्याआधी दोन शब्द बोला, म्हणाला.

लाडकी आयुष्यात कधी माणसांपुढे बोललेली नव्हती. 

"ह्या रस्त्याला माझ्या पोरीचं नाव दिलंय," ती म्हणाली. "हा रस्ता तिथून डावीकडं वळतो. माझं घर सरळ वर हाय. ह्या रस्त्याने माझी सपना कवाच खाली आली नसती, आनं दुसऱ्या कुणाची पोरपण येणार नाय."

निवेदक पुढे झाला. तिने त्याला हाताने थांबवलं.

"मी तिला लावणीसाठी थांबवली. खरं हाय. ते मी एकाला सांगितलं होतं, आपला म्हणून. त्याने तुमाला सगळ्यांना सांगितलं. म्हणून आज मीच सांगते. माझा गुन्हा माझा हाय, तो मी वागवीन. पण तुमी कर्ज काढलं ते माझ्या पोरीच्या मरणावर, आनं रस्ता नेला गोदामाला. ते कर्ज आमीपण फेडणार ना? माचिस घेतली तरी तिच्या करातून फेडणार. मग तिचं नाव तरी आमचं आमाला परत द्या. पुसा ते."

आवाज बंद झाला. कुणीतरी तार ओढली होती. रूपेशने दुसरा माइक घेतला. "मावशी भावनावश झाल्यात," तो शांतपणे म्हणाला. "आईचं काळीज आहे ते. आपण सर्वांनी त्याचा मान ठेवू या." आणि टाळ्या वाजल्या. नारळ फुटला. कुदळ मारताना त्याने लाडकीकडे पाहिलं नाही.

रस्ता होळीपर्यंत झाला. गुळगुळीत, दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. सुरुवातीला निळी पाटी लागली, 'कै. सपना स्मृती मार्ग'. ट्रक सुरू झाले.

पाटी लागल्याच्या तिसऱ्या दिवशी सुका भर दुपारी खाली गेला. रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांकडे उरलेलं डांबर होतं, त्यातला एक डबा त्याने मागून घेतला आणि गवताच्या जुडीने नावावर फासलं. आरामात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ट्रकवाले थांबून बघत होते. पोलिसांनी त्याला चौकीत नेऊन बसवलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. लाडकी दिवसभर बाहेर पायरीवर बसून होती. तो बाहेर आला तेव्हा त्याची बोटं काळी होती. घरी पोचल्यावर तिने गोडंतेल लावून, चोळून ती साफ केली. त्याने हात मागे घेतला नाही. त्या रात्री तो तिच्याकडे तोंड करून जेवला.

नवीन पाटी कुणी लावली नाही. रस्त्याचं नाव कागदावर काय होतं ते कागदालाच ठाऊक. लोक त्याला गोदामाचा रस्ता म्हणायला लागले. पुढचा टप्पा आला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी नवसी आली. मुलाच्या गाडीने ओहोळापर्यंत आली आणि मग साठीच्या वर गेलेली ती बाई वाकत, बसत, दगडांना धरत वर चढली. पाड्यात पोचली तेव्हा तिचं तोंड काळवंडलं होतं आणि शब्द फुटत नव्हता. लाडकीने तिला ओट्यावर आडवं केलं, पाणी पाजलं, पदराने वारा घातला. भात नि सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं.

जेवण झाल्यावर नवसी म्हणाली, "तो झोपत नाय ग नीट. तुझं नाव काढलं की उठून जातो. चुकलं त्याचं. तुझ्याच मांडीवर वाढलाय तो. माफ कर त्याला."

"तू कशी आलीस?" लाडकीने विचारलं.

"चालत. बघतेस ना."

"मग तुझ्यावर माझा राग नाय."

"आनं त्याच्यावर?"

लाडकीने ताट उचललं, खरकटं कोंबड्यांपुढे टाकलं. "त्याने माझं गुपित फोडलं, ते मी गिळलं नवसी. रस्ता येतोय म्हणून गिळलं. मग रस्ताच वळवला. आता मी काय म्हणून गिळू?"

नवसी रडू लागली. लाडकी तिच्याजवळ बसली, पण तिने तिला गप्प केलं नाही. ऊन चढायच्या आत परत जायला हवं होतं. खिंडीपर्यंत दोघी हात धरून उतरल्या. ओहोळाच्या पलीकडे गाडी उभी होती, काचा वर केलेल्या. आत कोण होतं ते इथून दिसत नव्हतं. लाडकीने नवसीचा हात सोडला, नवसी पाण्यात उतरून पलीकडे पोचेपर्यंत ती तिथंच उभी राहिली आणि माघारी वळून घराकडे चढू लागली.